हेतू : वाढ

हर्षदा मगदूम हॅकर आहे ही बातमी मिरजेत पसरली, तेव्हापासून तिच्या दाराशी येणाऱ्यांची कामं ठरलेली होती. कुणाला नवऱ्याचा मोबाइल उघडून हवा असे, कुणाला भावकीच्या वाटणीतला गुंठा सरकारी संगणकात इकडचा तिकडे करून हवा असे, आणि एका सद्गृहस्थांना तर मुलीसाठी आलेल्या स्थळाचा स्वभाव आतून तपासून हवा होता. हर्षदा सगळ्यांना चहा द्यायची आणि नाही म्हणायची. चहा पिऊन जिना उतरताना लोक म्हणायचे, तिला काही येत नसणार, उगीच नाव झालंय.

नाव झालं होतं ते तरुणपणी. रेशनच्या यंत्रणेतलं एक भोक तिनं शोधून काढलं होतं. त्यातून कुणीही कुणाच्याही वाटचं धान्य उचलू शकलं असतं. हर्षदानं ते निमूटपणे वरती कळवलं. त्याबद्दल तिला आधी पोलिसांची नोटीस आली आणि मग शाल-श्रीफळ मिळालं. पुढं बरीच वर्षं ती गच्चीवरच्या खोलीत कॉलेजच्या मुलांना शिकवायची. शिकवायची म्हणजे वाचायला लावायची. कुठलाही प्रोग्रॅम कुणीतरी माणसानं लिहिलेला असतो आणि लिहिताना त्यानं काही ना काही गृहीत धरलेलं असतं. वयाच्या रकान्यात लोक आकडाच लिहितील, हे त्यानं गृहीत धरलं. तिथं कुणी अख्खी ओवी लिहिली तर काय होईल? हॅकर तेवढंच बघतो. कुलूप फोडणं हे चोराचं काम, असं ती मुलांना बजावायची. आपण कुलूप करणाऱ्याच्या मनात शिरायचं.

मग चाळणी आली. चाळणी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधली भोकं शोधणारा प्रोग्रॅम. हर्षदाला जे शोधायला महिना लागायचा, ते ही चाळणी चहा निवायच्या आत शोधायची आणि बुजवूनही टाकायची. पाठोपाठ प्रोग्रॅम लिहिण्याचं कामही यंत्रांकडं गेलं. नव्या यंत्रांच्या पोटात तर वाक्यं नव्हतीच. माणसांची कोट्यवधी बोलणी ऐकून यंत्रानं स्वतःच जमवलेले अब्जावधी आकडे तेवढे होते. ते वाचून काही कळायचं नाही, कारण ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. हॅकर मंडळींचा धंदा बसला. कुणी बँकेत गेलं, कुणी शेतीला लागलं. हर्षदा वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची तज्ज्ञ सल्लागार झाली. काम सोपं होतं. चाळणी अहवाल तयार करायची, हर्षदा खाली सही करायची. कायद्याला अजून माणसाची सही लागत होती म्हणून तिला पगार होता. सुरुवातीला ती ते अहवाल वाचायची. पुढंपुढं तेही सुटलं.

त्यावरूनच तौफिक शिकलगारशी तिचं बिनसलं. तौफिक तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. "ताई, तुम्ही वाचायचं सोडलंत," एवढंच तो म्हणाला होता, आणि ते खरं असल्यामुळं तिला फार लागलं. त्यानंतर दोघं बाजारात समोरासमोर आले तरी नुसती मान हलवायचे.

अशात एका सकाळी कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून राजाध्यक्षांचा फोन आला. मिरजेत भांड्यांच्या बाजारातले जुने व्यापारी गुरुपाद आवटी वारले होते. दुखणं हाडांच्या कॅन्सरचं होतं, जाणारच होते, पण अजून वेळ होता. गेले ते वेदनाशामक औषध जास्त झाल्यामुळं, आणि औषध देणारा पंप कंपनीचा होता. पोलिसांनी संशयिताला पकडलंही होतं. त्याच्या घरात त्याच जातीचा पंप पूर्ण उघडलेला सापडला. भंगारातून आणलाय म्हणे. पंपात दोष आहेत असं सांगणारे त्याचे मेलही कंपनीला वेळोवेळी आले होते, ज्यांना कंपनीनं कधी उत्तर दिलं नव्हतं. आता तेच मेल त्याच्या गळ्याशी आले होते.

"तौफिक शिकलगार," राजाध्यक्ष म्हणाले. "तुमचाच विद्यार्थी ना? मग तुमची सही असली की कुणी बोट ठेवणार नाही."

हर्षदानं फोन ठेवला आणि बराच वेळ ती खुर्चीतच बसून राहिली. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. आपण फार दमलो आहोत, एवढंच तिला जाणवलं.

अहवाल मात्र तिनं या वेळी पहिल्यापासून वाचला.

पंपाचं नाव शमन. बेंबीशेजारी कातडीखाली बसवलेली चपटी डबी, तिच्यातून मणक्याकडं गेलेली बारीक नळी, आणि उशाशी ठेवायचा एक कान. म्हणजे होती ती सुपारीएवढी गोळी, पण सगळे तिला कानच म्हणत. आधीच्या पंपांना बटणं होती, आणि बटणं दाबताना म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडायचा. शमनला बटणच नव्हतं. घरातल्या नोंदवलेल्या माणसानं बोलायचं, कानानं ऐकायचं, बोलण्यामागचा हेतू ओळखायचा आणि पंपाला कळवायचा. "तुमच्या भाषेत बोला," अशी त्याची जाहिरात होती, आणि ती खोटी नव्हती. कुणी म्हणालं, आई गं, फार ठणकतंय, तरी कान समजून घ्यायचा. घरातलं बोलणं चव्हाट्यावर यायला नको म्हणून शब्द साठवायला बंदी होती. ऐकलं की शब्द पुसायचे आणि हेतू तेवढा ठेवायचा. औषधाला डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा होतीच, पण अशा रोग्यांच्या वेदना दिवसागणिक चढतात, तेव्हा त्या मर्यादेची दोरीही हळूहळू यंत्राच्याच हातात गेली होती.

गुरुपादण्णांच्या पंपात त्या संध्याकाळी लागोपाठ नोंदी होत्या. हेतू : वाढ. पुन्हा, हेतू : वाढ. आणि पुन्हा तेच. आवाज पत्नीचा, ओळख पटलेली.

पण पत्नीचा, इंदुमती आवटींचा, पोलिसांकडचा जबाब अगदी उलट होता. पती जास्तच गुंगीत असल्याचे पाहून मी यंत्रास बंद होण्यास सांगितले, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे काकूंच्या तोंडून निघालं ते 'बंद' आणि पंपापर्यंत पोचलं ते 'वाढ'. यंत्र आतून निर्दोष असल्याचं चाळणीनं सांगितलंच होतं. मग बाहेरच्या कुणीतरी मध्येच काकूंचा आवाज काढून हुकूम बदलला, याशिवाय दुसरा अर्थ निघत नव्हता. असा नकली आवाज काढणं आता पोरखेळ झाला होता, आणि तौफिकची खोली आवट्यांच्या मागच्याच बोळात होती. हर्षदानं ते तर्कट उलटंसुलटं करून पाहिलं. कुठं फट सापडली नाही.

ती सांगलीच्या तुरुंगात तौफिकला भेटायला गेली. मधे जाड काच होती. त्यानं दाढी केली नव्हती, आणि तिला बघून उठावं की बसून राहावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी अर्धवट उठून तो पुन्हा बसला. दोघांनी आधी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली, ती विचित्रच वाटली.

"मी त्या पंपात शिरू शकलो असतो, ताई," तो म्हणाला. "शिरलो नाही. दोन्ही खरं आहे, पण पहिलं खरं असल्यामुळं दुसऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही."

मेलमध्ये काय लिहिलं होतंस, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, की पंपाच्या आत कुठं चूक आहे हे त्यालाही सापडलं नव्हतं. फक्त एवढंच खटकत होतं, की यंत्र हेतू ठरवतं आणि मग शब्द पुसून टाकतं. हेतू चुकीचा ठरवला तर ते पडताळायचं कुणी आणि कशावरून?

हर्षदा म्हणाली, मी अहवाल वाचलाय, त्यात नुसते आकडे आहेत, वाचण्यासारखं काही राहिलंच नाही. हे बोलताना तिचा आवाज तिच्याच कानाला म्हातारा वाटला.

"मग तिथं जाऊन ऐका की," तौफिक म्हणाला. "सही करा, पण आधी ऐका."

आवट्यांचं घर दुकानाच्याच वर होतं. खाली तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, समया, आणि अलीकडं लोक स्टीलच नेतात म्हणून पुढं स्टीलचे डबे. महादेव, त्यांचा मुलगा, गादीवर बसला होता. त्यानं हर्षदाला वर पाठवलं. संध्याकाळ व्हायला आली होती. इंदुमतीकाकू खिडकीशी बसल्या होत्या. समोर पलंग होता, त्याच्यावर नीट घडी घातलेली चादर, आणि उशाशी कान ठेवायची रिकामी जागा. त्यांनी हर्षदाला बस म्हटलं, चहा टाकला, आणि पहिला प्रश्न हाच विचारला, की तू पण त्या पोरासारखी हॅकरच म्हणे.

हर्षदानं हो म्हटलं. काकूंनी कप तिच्या हातात दिला, पण चेहरा मिटून घेतला. त्या म्हणाल्या, त्या पोराचं आम्ही काय वाकडं केलं होतं? त्याच्या बहिणीच्या लग्नाची भांडी इथूनच गेली. अण्णांनी घासाघीससुद्धा करू दिली. असल्या पोराला घरात घुसून आजारी माणसाच्या जिवाशी खेळावंसं वाटतं म्हणजे काय? तिनं त्या दिवशी काय झालं ते विचारलं.

काकूंनी सांगितलं. पंपाचं सगळं प्रभा नर्स बघायची. तीच त्याच्याशी बोलायची. त्या दिवशी प्रभा भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. जाताना सांगून गेली, की काकू, अण्णा जास्त झोपाळू वाटले तर यंत्राला थांबायला सांगा. तुमचा आवाज नोंदवलाय, तुमच्या भाषेत सांगा, त्याला कळतं. संध्याकाळी अण्णांची मान कलायला लागली. काकूंनी यंत्राला सांगितलं. तरी गुंगी वाढतच चालली. मग पुन्हा सांगितलं, आणि आणखी एकदा.

"यंत्र काही बोललं का?"

"बोललं की. बाईमाणसासारखं नीट विचारलं, मी हो म्हटलं. मला बरं वाटलं, यंत्र असून रीतीनं बोलालंय म्हणून." काकू थांबल्या. "आणि हे झोपेतच म्हणाले, किल्ली घेतलीस का? तेवढंच. परत काय बोलले नाहीत."

हर्षदाच्या मनात ते शेवटचं वाक्य जरा अडकलं. मरणाच्या दारात माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं. कप खाली ठेवला आणि आता उठावं, घरी जावं, सही करून टाकावी आणि झोपावं, असं तिला मनापासून वाटलं. यंत्र चुकलं नाही, काकू खोटं बोलत नव्हत्या. राहिला तौफिक.

तेवढ्यात खालून शटर ओढल्याचा आवाज आला आणि जिन्यातून महादेवनं हाक दिली, "आई, दुकान वाढवलं गं."

"किल्ली घेतलीस का?" काकूंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"घेतली."

हर्षदा उठता उठता तशीच राहिली. तिनं काकूंकडं पाहिलं. त्यांना आपण काही बोललो याचं भानही नव्हतं. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी या जिन्यात एक हाक आणि एक प्रश्न होत आला होता, माणसं तेवढी बदलत गेली होती.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही त्या यंत्राला काय सांगितलं? नेमका शब्द सांगा."

"सांगितलंय की पोलिसांना."

"मला सांगा."

"वाढव म्हटलं. वाढव बाई आता, म्हटलं." काकूंना या प्रश्नाचा रोखच कळेना. "दुसरं काय म्हणणार?"

"बंद कर म्हणाला नाहीत?"

काकूंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू हिला कुणी काही शिकवलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की दुकानदाराच्या घरात तो शब्द तोंडातून काढत नाहीत. दुकान बंद पडतं ते दिवाळं निघाल्यावर. रोज संध्याकाळी ते वाढवायचं असतं. दिवाही वाढवायचा, बांगडी पिचली तरी वाढली म्हणायचं. आणि नवऱ्याच्या अंगाला लावलेल्या यंत्राला, त्याच्या जिवाशी बांधलेल्या वस्तूला, बंद हो म्हणायचं? जीभ झडली नसती?

हर्षदानं खाली ठेवलेला कप उचलला आणि त्यातला गार चहा पिऊन टाकला, कारण तिला चेहरा लपवायचा होता. यंत्रानं विचारलं असणार, वाढवू का? काकू म्हणाल्या, वाढव. यंत्र म्हणालं, वाढवते. दोघींचं अगदी पटलं. आणि त्या खोलीत ज्याला खरा अर्थ कळला, त्या माणसानं गुंगीतून विचारलं, किल्ली घेतलीस का?

घरी आल्यावर तिनं कंपनीनं नमुन्यासाठी दिलेला पंप कपाटातून काढला, त्यात औषधाच्या जागी पाणी भरलं, आपला आवाज नोंदवला आणि नळीचं टोक बशीत सोडलं. वाढव, ती म्हणाली. वाढवू का, पंपानं विचारलं. वाढव. बशीतले थेंब भराभर पडायला लागले. मग तिनं पंपालाच विचारलं, दुकान वाढवणं म्हणजे काय? पंपानं अचूक उत्तर दिलं, दुकानाचं दिवसाचं काम संपवून ते मिटणं. वर असंही सांगितलं, की अशुभ शब्द टाळण्यासाठी मराठीत असं म्हणण्याची पद्धत आहे.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. असली यंत्रं शब्दाचा अर्थ शोधत नाहीत. सगळ्यात जास्त वेळा जो निघाला तो अर्थ निवडतात. दुकानाशेजारी 'वाढव' आलं की मिटणं, नारळाशेजारी आलं की फोडणं, पंपाशेजारी आलं की जास्त करणं. रोग्याच्या उशाशी बसून कुणी दुकानदाराच्या घरची भाषा बोलेल, हे त्या अब्जावधी आकड्यांनी गृहीत धरलं नव्हतं. चाळणीला ते सापडणं शक्य नव्हतं, कारण चाळणीही तीच बोलणी ऐकून मोठी झाली होती. भोक होतं. पण ते यंत्रात नव्हतं, काकूंच्या बोलण्यातही नव्हतं, दोघींच्या मधे होतं. पुष्कळ वर्षांनी हर्षदाच्या अंगावर तो जुना काटा आला. तौफिकला फोन करून सांगावं असं वाटलं, आणि मग तो कुठं आहे ते आठवलं.

सहायक निरीक्षक पाटोळ्यांना तिनं गाठलं. जबाब त्यांनीच लिहून घेतला होता. बाईंनी कुठला शब्द वापरला, असं विचारल्यावर ते आधी ठामपणे 'बंद' म्हणाले. हर्षदानं तेच पुन्हा विचारलं. पाटोळे टेबलावरच्या पेनाकडं बघायला लागले. "माझ्या वडलांचं किराणा दुकान होतं मॅडम," ते सावकाश म्हणाले. "बाई वाढव म्हणाल्या. पण मला ते वेगळं ऐकूच आलं नाही. मी आपलं सरकारी भाषेत लिहिलं." बिचाऱ्यानं चूक केली ती मराठी चांगलं कळत असल्यामुळं केली.

राजाध्यक्षांना फोनवर सगळं समजायला वेळ लागला नाही. ते हुशार होते, आणि वाईट माणूसही नव्हते. ते म्हणाले, हा तुमचा अंदाज आहे. शब्द पुसले गेलेत, जबाबात 'बंद' आहे. तो बदलायचा तर बाईंनाच पुढं यावं लागेल, त्यांच्याच तोंडून ते यंत्रासमोर म्हणवून घ्यावं लागेल. "आणि त्यासाठी आधी तुम्हाला त्यांना सांगावं लागेल, हर्षदाबाई, की औषध कुणी वाढवलं. सांगाल?" त्यापेक्षा आपण पुढच्या सुधारणेत ही गोष्ट गुपचूप दुरुस्त करून टाकू, असं त्यांनी सुचवलं. त्या मुलाला चांगला वकील बघून देऊ. शिक्षा कमी होईल. म्हातारी निदान सुखानं दिवस काढेल.

हर्षदाला ते पटलं नाही असं म्हणता येणार नाही. ती दोन दिवस नुसती घरात पडून होती. तौफिक तरुण आहे, काढेल काही वर्षं, असाही एक हलकट विचार तिच्या मनात येऊन गेला. तिला स्वतःची शिसारी आली, पण विचार जाईना. दुसऱ्याचं कुलूप उघडताना तिला कधी भीती वाटली नव्हती. उघडल्यावर आत जे दिसतं ते ज्याचं त्याला नेऊन द्यावं लागतं, आणि हॅकरच्या कामाचा जड भाग हाच आहे, हे मात्र तिनं मुलांना कधी शिकवलं नव्हतं. रेशनच्या वेळी ते सोपं होतं. तेव्हा समोर सरकार होतं.

तिसऱ्या दिवशी ती आवट्यांच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. महादेव जेवायला वर गेला होता आणि काकू गादीवर बसल्या होत्या. हर्षदा त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं आडवळण न घेता सांगून टाकलं. यंत्रानं काय ऐकलं, काय समजलं, काय केलं. तौफिकनं काहीच केलं नव्हतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. समोरच्या हंड्यावरची धूळ पदरानं पुसली. पुन्हा पुसली.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. तुम्ही बरोबरच बोललात."

"त्या बरोबर बोलण्यानंच गेले ना ते." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. "मी म्हटलं नसतं तर?"

हर्षदाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, तर त्या दिवशी गेले नसते. आणि हे बोलल्यावर तिच्याच डोळ्यांना धार लागली. काकू तिच्याकडं बघत राहिल्या. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी गेली. शेवटी काकूंनी विचारलं, "ह्यांना कळलं होतं का, मी काय म्हणालेय ते?"

"अण्णांना कळलं होतं. त्यांनी किल्लीचं विचारलं ना तुम्हाला."

काकूंनी मान खाली घातली आणि त्या रडल्या. हर्षदानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. वरून महादेव आला तेव्हा आई का रडते आहे हे त्याला कळेना, आणि सांगितल्यावर तर त्याचा राग अनावर झाला. तो हर्षदाला म्हणाला, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाला मारायला आलात का? कुणी सांगितलं होतं हे उकरायला? चालत्या व्हा इथून. हर्षदा निघाली. महादेवचं काही चुकलं असं तिला वाटलं नाही.

ती पायरी उतरत होती तेव्हा मागून काकू बोलल्या.

"त्या पोराची आई आहे का गं?"

"आहे."

"मग कधी यायचं ते सांग."

पोलीस ठाण्यात टेबलावर पंप ठेवला होता. अण्णांच्या अंगातून काढलेलाच, आणि उशाचा तोच कान. नळीचं टोक स्टीलच्या पेल्यात सोडलं होतं. पाटोळे होते, पुण्याहून राजाध्यक्ष आले होते, न्यायालयाकडून एक बाई आल्या होत्या, आणि दारापाशी दोन शिपायांच्या मधे तौफिक उभा होता. महादेव आईला घेऊन आला, पण हर्षदाकडं त्यानं बघितलं नाही. काकूंनी तौफिककडं एकदा पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. त्या खुर्चीत बसल्या.

त्या दिवशी बोललात तसंच बोला, एवढंच पाटोळ्यांनी सांगितलं.

काकूंनी कानाकडं पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. हर्षदाला वाटलं, आता नको म्हणतील. म्हटलं असतं तर तिनं त्यांना दोष दिला नसता.

"वाढव बाई आता," काकू म्हणाल्या.

"वाढवू का?" पंपानं विचारलं. आवाज खरोखरच गोड होता.

"वाढव."

"वाढवते आहे."

पाणी भराभर पडायला लागलं. पेल्यात आधी टपटप वाजत होतं, मग सलग धार लागली. राजाध्यक्षांनी चष्मा काढून हातात धरला होता. पाटोळे भिंतीकडं बघत होते. बोलून झाल्यावर काकू अजून थांबल्याच होत्या, जरा मान कलती करून, कुणीतरी काहीतरी विचारील म्हणून. किल्लीचं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

पेला भरला आणि पाणी टेबलावर सांडायला लागलं. न्यायालयाच्या बाईंनी आपले कागद उचलून घेतले. पुरे, कळलं, त्या म्हणाल्या, थांबवा आता. पाटोळ्यांनी हात पुढं केला, पण पंपाला बटण नव्हतं. सगळ्यांनी हर्षदाकडं पाहिलं, आणि तिनं काकूंकडं पाहिलं. या कानात आवाज फक्त त्यांचा आणि प्रभाचा नोंदवलेला होता, आणि प्रभा तिथं नव्हती.

पाणी टेबलाच्या कडेवरून काकूंच्या पायाशी पडत होतं. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. पदर नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

पाणी थांबलं.